घरटी एक तोंड

"दुखतंय का?"

आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट नुकतीच सुटली होती. माझ्या एका हातात भिजलेली छत्री, दुसऱ्या हातात खाऱ्या दाण्यांची पुडी, आणि शेजारी माझी मनुआत्या बसल्या बसल्या डुलक्या काढत होती. पावसाळा लागून आठ-दहा दिवस झाले होते. पलीकडचा डोंगर मधेच दिसायचा, मधेच पुसला जायचा. प्रश्न विचारणारा समोरच्या बाकावर बसला होता. बाह्या दुमडलेला निळा शर्ट, चष्म्यावर पावसाचे थेंब... आणि चष्म्यामागचे डोळे थेट माझ्या गालावर.

"काय दुखतंय?" मी शक्य तितक्या कोरडेपणानं विचारलं.

"उजवी दाढ. प्रत्येक दाणा तुम्ही डावीकडे नेताय. मघापासून बघतोय."

"अनोळखी मुलीच्या तोंडाकडे मघापासून बघताय, आणि वर सांगताय?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागला. पुसून काही उपयोग नव्हता, कारण शर्टही ओलाच होता.

"सवय आहे हो. माझं कामच तोंडाकडे बघायचं. दाताचा डॉक्टर आहे मी, दिघीला. कुलदीप चोगले."

माझ्या हातातला दाणा हातातच राहिला. तर हा तो...

या चोगलेंवर माझा गेले वर्षभर राग होता. मी डॉक्टर प्राप्ती आरेकर. मुरुडला बाजारपेठेत माझा दवाखाना, तोही दातांचाच. दारावर ठळक पाटी : 'दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्या.' लोक हळूहळू ऐकायला लागले होते. आणि मग एकेक पेशंट सांगायला लागला, "म्याडम, दिघीचे डॉक्टर बोलले सहा महिन्यांची गरज न्हाय, वर्षानं या." मी इकडे घसा फोडून सांगायचं आणि या माणसानं खाडीपलीकडून त्यावर पाणी ओतायचं. तो कसा दिसत असेल याचं एक चित्र मी मनात रंगवलं होतं. त्यात टक्कल होतं, सोन्याची अंगठी होती. असे लाल होणारे कान मात्र नव्हते.

मी कोण ते सांगितलंच नाही. म्हटलं, बघू तर काय बोलतो.

"शेवटचे दात कधी दाखवलेत?" त्यानं विचारलं.

खरं उत्तर होतं, कॉलेज सोडल्यापासून एकदाही नाही. दुसऱ्यांच्या तोंडात दिवसभर डोकावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या तोंडात कोण डोकावणार? पण ते या माणसाला सांगायचं? मी मान ताठ केली.

"मी दर सहा महिन्यांनी दाखवते."

"दर सहा? कशाला?"

"कशाला म्हणजे? तपासायला नको?"

"पाहिजे ना. पण सहाच का? एखाद्याचे दात स्वच्छ, हिरड्या घट्ट, तंबाखू नाही, साखर नाही. त्याला वर्ष चालतं, कधी दीड वर्षही चालतं. आणि एखाद्याला तीन महिनेसुद्धा उशीर ठरतो. लहान मुलांचं निराळं. सगळ्यांना एकच आकडा सांगायचा म्हणजे सगळ्यांना एकाच मापाची चप्पल देण्यासारखं आहे."

"पण आकडाच सांगितला नाही, तर लोक येतच नाहीत. सहा महिने निदान लक्षात राहतात. तुम्ही 'वर्षानं या' म्हणालात की लोकांच्या कानात फक्त 'जा' एवढंच शिरतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही शिक्षिका आहात का?"

"आमची प्राप्ती न्हवं का," मनुआत्या डोळे न उघडताच म्हणाली, "ही पन दाताचीच डाक्टरीन हाय. मुरूडची."

मग चोगले इतका मोठ्यानं हसला की कठड्याशी उभी माणसं वळून बघायला लागली. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्या हसण्यात माझी फजिती नव्हती, नुसती गंमत होती, आणि ते मला त्याच क्षणी आवडलं.

"म्हणजे ती पाटी तुमची. मग भांडा," तो म्हणाला. "दिघी यायला वेळ आहे."

भांडणार होतेच, पण आत्या आता पुरती जागी झाली होती. "येवढं कशापायी भांडतंव? आमच्या घराचं तर झालंय."

"घराचं काय झालंय?" मी विचारलं.

"तपासनी. आमची सून, तेजस्वी, शिमग्याला म्हायेरी दिघीला गेली ना, तवा या डाक्टरांना दाखवून आयली. तोंड चांगलं हाय, वर्सानं या बोलले. म्हंजे आमचं घर वर्सभर मोकलं."

"आत्या, तपासलं तेजस्वीला. तू कुठे गेलीस?"

"मी कशापायी जाऊ? वर्गनी घरटी, पालखीला मानूस घरटी, गावच्या कामाला मानूस घरटी. मंग दाताला पन घरटी एक, घरामागं येकच मानूस. सगल्या कोलीवाड्याचं तसंच ठरलंय. तुज्याकडं पन घरटीच येतान सगले."

दर घरातून एक माणूस न चुकता येतो, दर खेपेला निराळा येतो, याचं मला केवढं कौतुक होतं. कोळीवाडा सुधारला म्हणून मी आईला फुशारकीनं सांगितलं होतं. आणि इथे सगळ्यांनी मिळून पाळी लावली होती. एका खेपेला नातू, दुसऱ्या खेपेला सून, आणि ज्यांनी यायला हवं ती म्हातारी माणसं घरात बसून.

चोगले आता हसत नव्हता. तो बाकावरून उठला आणि ओल्या डेकवर आत्यासमोर उकिडवा बसला.

"आत्याबाई, मिश्री लावता?"

"लावतंय की. सकाल-संध्याकाल. मिश्रीबिगर मच्छीची टोपली उचलत न्हाय माजी."

"आणि साखर?"

"ती पन हाय," आत्या मोठेपणानं म्हणाली.

"जरा आ करा बघू."

त्यानं मोबाइलचा उजेड धरला. बघता बघता त्याचा चेहरा स्थिर झाला. मग माझ्याकडे न वळता तो हळूच म्हणाला, "डॉक्टर, जरा बघता का?"

त्यानं मला पहिल्यांदा डॉक्टर म्हटलं ते असं. मी वाकले. खालच्या ओठाच्या आत, जिथे आत्या मिश्रीची चिमूट दाबून ठेवायची, तिथे पांढरा चट्टा होता. नखाएवढा, कडा खडबडीत. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. त्या एका नजरेत आमचं भांडण संपलं. पण जिला मी रोज बघते तिच्याच तोंडात मी कधी बघितलं नव्हतं.

दिघीला उतरल्यावर, आत्याच्या ज्या नणंदेकडे आम्ही निघालो होतो तिच्याकडे जायच्या आधी, आत्या त्याच्या दवाखान्यात गेली. त्यानं चट्ट्याचा कण काढून तपासायला पाठवला. काढताना तो आत्याला मासळीचे भाव विचारत राहिला, आणि पापलेटवरून सुरमईवर येईपर्यंत काम उरकलंही. मी ट्रे धरून उभी होते. इतका हलका हात मी कॉलेजातल्या मोठमोठ्या प्राध्यापकांचाही बघितला नव्हता.

रिपोर्ट यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात तो रोज संध्याकाळी फोन करायचा. "आत्याबाई कशा आहेत?" हा प्रश्न एका मिनिटाचा, आणि बाकीचं बोलणं... ते कशावर असायचं, मला अजून नीट सांगता येणार नाही.

रिपोर्ट चांगला आला. मला रडू फुटलं आणि मी पहिला फोन घरी न करता दिघीला केला. मिश्री मात्र बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी, असं त्यानं आत्याला बजावलं.

"मना तीन महिने आनि तेजस्वीला वरीस?" आत्याला हा अन्याय वाटला.

"तिच्या तोंडाला वर्ष, तुमच्या तोंडाला तीन महिने. वर्गणी घराची असते आत्याबाई. तोंड ज्याचं त्याचं."

मासेमारी बंद होती, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवल्या होत्या, पुरुष माणसं घरी होती. सोमवारी त्याचा दवाखाना बंद असायचा. तर आम्ही ठरवलं की नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात जाईपर्यंत दर सोमवारी कोळीवाड्यातलं प्रत्येक घर आणि घरातलं प्रत्येक तोंड बघायचं. त्यानं भरतीओहोटी न बघता पहिली बोट धरून यायचं आणि मी धक्क्यावर छत्री घेऊन उभं राहायचं. छत्री त्याच्याकडेही असायची. तरी आम्ही एकाच छत्रीतून चालत यायचो, का ते दोघांपैकी कुणी विचारलं नाही.

ज्याची त्याची निराळी तारीख लोकांच्या लक्षात राहत नाही हे माझं म्हणणं त्यानं मान्य केलं होतं. म्हणून आम्ही तारखा सणांवर आणल्या. "काकी, तुम्ही दिवाळीला." "दादा, गुटखा सोडला तर होळीला, नाही सोडला तर दसऱ्यालाच." लोकांना ते पटकन समजलं. माझी पाटी मी स्वतः रंगवून काढली आणि नवीन लिहिली, 'तुमच्या दातांची पुढची तारीख विचारून जा.' तो पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला.

"हार मानलीत?" त्यानं विचारलं.

"अर्धी. तारीख द्यायचीच, हे माझंच राहिलं ना?"

"राहिलं. आणि ते बरोबरच होतं," तो म्हणाला. असं सरळ कबूल करणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता.

येसाजी नाखवा तोंड उघडायला तयार होईनात. सत्तरीचे, वादळाला न भ्यालेले, आणि आमच्या इवल्याशा आरशाला बघून दात आवळून बसलेले. मी समजावलं, सूनबाईंनी समजावलं. नाखवा ढिम्म. तेव्हा कुलदीपनं आरसा त्यांच्याच हातात दिला आणि स्वतः ओटीवर मांडी घालून 'आ' केला.

"आधी तुम्ही माझं बघा, नाखवा."

नाखवांनी चष्मा चढवला. आरसा फिरवून फिरवून निरखलं. "दोन दातांत चांदी हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "मागचा येक कालपट दिसतंय. डाक्टर, तुमी कवा दाखवलंत?"

"बरीच वर्षं झाली, नाखवा."

"मंग आमाला काय सांगतंव?" नाखवा खूश झाले आणि हसता हसता त्यांचं तोंड उघडलं ते उघडलंच. कुलदीपनं आरसा परत घेतला. मी दाराशी उभी राहून बघत होते. स्वतःचा मान बाजूला ठेवून समोरच्याची भीती काढणं त्याला किती सहज जमत होतं... त्या ओटीवरच माझं काय झालं ते मला कळलं. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि आता त्यातून बाहेर यायचा मार्ग नव्हता.

एकच पंचाईत होती. घरं संपत आली होती.

शेवटचं घर नारळी पौर्णिमेच्या आदल्या सोमवारी झालं. मी त्याला आगरदांड्याला सोडायला गेले. होड्यांना नवा रंग लागला होता, हवेत वॉर्निशचा वास होता.

"तर... झालं सगळं," तो म्हणाला.

"हो. झालं."

"आता कोळीवाडा तुमच्या हवाली."

"हो."

"मग... मी..." बोट लागली. लोक चढायला लागले. "दाढ दाखवा ती कुणाला तरी," एवढं बोलून तो गेला.

मी घरी येऊन आईवर विनाकारण चिडले.

दाढ दाखवायचा मुहूर्त नारळी पौर्णिमेनंच आणला. होड्या समुद्रात गेल्या, घरोघरी नारळाच्या करंज्या झाल्या आणि दुसऱ्याच करंजीला माझ्या उजव्या दाढेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या दिवशी मी दिघीच्या बोटीत होते. मनुआत्या बरोबर आली. पोरीला सुई टोचायला एकटी सोडायची नाही, असं तिचं म्हणणं.

मला दारात बघून कुलदीपनं हातातला चहा तसाच खाली ठेवला. मी खुर्चीवर बसले. हजार माणसांना मी खुर्चीत बसवलं होतं. वरचा दिवा असा डोळ्यांत येतो हे मला त्या दिवशी कळलं.

"दर सहा महिन्यांनी दाखवता ना तुम्ही?" आरसा तोंडात घालत त्यानं विचारलं. मला उत्तर देता येणार नाही हे बघूनच विचारलं. "मला वाटतं, पाचेक वर्षं तरी कुणी इकडे फिरकलेलं नाही."

मी डोळे मिटले.

"थोडं टोचेल हं."

सगळेच डॉक्टर हेच सांगतात, मीही सांगते. पण त्याचं खरं निघालं, थोडंच टोचलं. उजवा गाल बधिर होत गेला. तो कीड काढत होता, आणि मी त्याच्या कपाळावरची आठी बघत होते. इतक्या जवळून, इतका वेळ, बिनबोभाट बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. दाढ आणखी एखादी किडलेली निघाली असती तरी चाललं असतं.

"झालं," तो म्हणाला. "बाकी सगळं छान आहे."

तो हात धुवायला गेला. बराच वेळ धूत राहिला. आता तो तारीख देणार होता. मी मनातल्या मनात हिशेब केला. एक नवी कीड, ती भरली. हिरड्या चांगल्या. तंबाखू नाही, साखर नाही. त्याच्याच नियमानं... सहा महिने. ज्या आकड्यासाठी मी फेरीबोटीवर भांडले, तो आकडा मला आता अजिबात नको होता. सहा महिने म्हणजे माघ. आणि हा माणूस खोटं सांगणाऱ्यांतला नव्हता. त्याचा हाच गुण मला सगळ्यात आवडला होता, आणि त्याचीच आता भीती वाटत होती.

तो माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "पुढच्या सोमवारी या."

मला वाटलं, औषधानं कानही बधिर झाले. "कशाला?" मी विचारलं. अर्धा ओठ हलला, अर्धा नाही.

"फिलिंग बघायला."

"फिलिंग चांगलं बसलंय. तुम्ही कुणालाच त्यासाठी आठ दिवसांनी बोलवत नाही."

"नाही बोलवत."

"मग हिरड्यांत काही आहे?"

"हिरड्या उत्तम आहेत."

"आणि सोमवारी तर तुमचा दवाखाना बंद असतो. मग हे कुठे शिकवलंय तुम्हाला?"

त्यानं चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. आज त्यावर एकही थेंब नव्हता.

"कुठेच नाही," तो म्हणाला. "वैद्यकीय कारण एकही नाही, डॉक्टर. गरज नसताना पेशंटला मी आजवर बोलावलेलं नाही. पण खरी तारीख दिली तर तुम्ही माघात याल. आणि तोवर थांबायचा मला धीर नाही. धक्क्यावर सांगणार होतो, तर बोट लागली... मला तुम्ही फार आवडता, प्राप्ती."

मी हसले. म्हणजे डावीकडून हसले, उजवीकडून काही केल्या हसता येईना. रडू मात्र दोन्ही डोळ्यांतून सारखंच आलं. "मलाही," मी म्हटलं. ते तीन अक्षरी उत्तर वाकडंतिकडं निघालं, पण त्याला कळलं, कारण त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"ओठ जागा व्हायला दोन तास लागतील," तो हळूच म्हणाला. "तोवर थांबाल?"

"झालं का गो?" बाहेरच्या बाकावरून मनुआत्या आत डोकावली. "कवाची तारीख दिली?"

"सोमवारची," मी म्हटलं.

"कंच्या सोमवारची?"

"ह्या येत्या."

आत्या कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "येवढी वर्सं मिश्री लावून मना तीन महिने, आनि तुना आठ दिवस? येवढं काय बिघडलाय तुज्या तोंडाला?"

मी कुलदीपकडे बघितलं. तो पुढे आला आणि तिच्यासमोर अर्धा वाकला.

"तोंडाला काही नाही झालं, आत्याबाई. मी विचार करत होतो... ते घरटीचं तुमचं अगदीच चुकीचं नव्हतं. दोघं एका घरात राहायला लागली, तर तारीख एकच ठेवली तरी चालेल."

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्या वाकड्या ओठाकडे, मग माझ्या डोळ्यांकडे. सवयीनं तिनं तोंडावर पदर धरला, पण पदराआडून ती हसतेय हे डोळ्यांवरून कळत होतं.

"मंग हिला कशापायी बोलवता?" ती म्हणाली. "आमच्यात पोरगी जात न्हाय मागनीला. सोमवारी तुमीच खाडी उतरून या. घरातल्या मोठ्या मानसांना घेऊन या. आनि घरटी येक न्हाय हां, सगल्यांनी या."

"येतो," कुलदीप म्हणाला. "पहिल्या बोटीनं."